बोट लावल्याशिवाय गुण नाही

काकूंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण त्या रविवारी सकाळी तो नाकावरून उतरला तो थेट हातात आला, आणि हातात नेमकी कापड कापायची मोठी कात्री होती.

झालं असं, की ओच्यातल्या चिंध्या झटकायला काकू मागच्या बागेत गेल्या. भिंतीच्या कडेचा वाफा साफ केलेला. साफ म्हणजे अगदी गुळगुळीत, खुरप्याने खरवडून. थंडी सरली की त्या पट्ट्यात दरवर्षी कुणी न पेरता पिवळी रानफुलं यायची, शर्टाच्या बटणाएवढी. काकू त्यांना बटणफुलं म्हणायच्या. त्यांच्यासाठी त्या भाजीचा वाफा दरवर्षी वीतभर अलीकडे घ्यायच्या. आज ती सगळी कोपऱ्यात उपटून टाकली होती, मुळं वर आणि कळ्या मातीत.

"अहो!" काकू ओरडल्या. "हे कुणी केलं?"

काका पायरीवर बसून गाडीचं फडकं पिळत होते. "काय केलं?"

"वाफा खरवडलाय कुणी?"

"मी. गवत माजलं होतं."

"गवत?"

"मग काय सोनं होतं?" काका म्हणाले आणि फडकं झटकून पुढच्या दारी गेले.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने जन्मात एक रानफूल उपटलं नाही, गाडीच्या चाकाखाली येईल म्हणून जो मातीच्या रस्त्यावर उतरून चालला, तो म्हणे गवत. त्यांना कारण लख्ख दिसत होतं. आदल्या दिवशी दोघांचं वाजलं होतं. काकू घरी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करायच्या, आणि लग्न झाल्यापासून सुईत दोरा ओवून द्यायचं काम काकांचं. हिवाळ्यापासून त्यांनी ते बंद केलं होतं. काल काकूंनी पुन्हा सुई पुढे केली तेव्हा ते म्हणाले, "तुझी तू ओव, मी काय नोकर आहे?" काकू म्हणाल्या, "नोकर बरा, निदान सांगितलेलं करतो." आणि त्याचा सूड आज बटणफुलांवर. एवढ्या वयाचा माणूस, आणि वागणं शेंबड्या पोरासारखं.

काका शाळेची गाडी चालवायचे. गाडीतली मुलं त्यांना काका म्हणायची, म्हणून मुलांचे आईबापही म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला मग काकू होण्यावाचून पर्यायच राहिला नाही. त्यांच्या लेकीची मुलगी भिंगरी हीसुद्धा त्याच गाडीने शाळेत जायची. लेक रुग्णालयात नर्स होती. ती ड्यूटीवर असली की भिंगरी आजीआजोबांकडे. भिंगरी हे नाव तिला शोभायचंच, कारण ती एका जागी ठरत नसे.

आणि आज फुलांचा रविवार होता. लग्न झाल्याच्या पहिल्या वर्षापासून, हवा पहिल्यांदा ऊबदार झाली की त्या रविवारी दोघं गावाबाहेर रानफुलं बघायला जायची. त्यातही काकूंना नुसतं बघणं जमायचं नाही, तेव्हा त्याचा खेळ झाला. ज्याला फूल आधी दिसेल त्याने नाव आणि जागा मोठ्याने सांगायची. दुसऱ्याने तिथे जाऊन, वाकून, फुलाला बोट लावून खात्री करायची. बोट लावल्याशिवाय गुण नाही. तोडायचं मुळीच नाही, तोडलं तर सगळे गुण रद्द. हरेल त्याने आठवडाभर भांडी घासायची. पुस्तकातली नावं दोघांनाही येत नव्हती, म्हणून नावं घरचीच. पांढऱ्या कॉलरची, ताठ उभी राहणारी ती मास्तरीण. एका देठावर पाठीला पाठ लावून दोन फुलं येतात त्या सवती. दुपारी मिटतो तो झोपाळू. आणि निळा, एवढासा, दगडाच्या आडोशाने येणारा तो शाईथेंब. तो दुर्मीळ, म्हणून त्याला दोन गुण.

बहुतेक वेळा काका जिंकायचे. इतक्या वर्षांत ते चुकले नव्हते, म्हणून काकूंनी बोट लावायचंही सोडून दिलं होतं. काका म्हणतील ते फूल, म्हणतील ती जागा.

"मी येणार नाही," काकूंनी आज जाहीर केलं. पण भिंगरी टोपी घालून, बूट उलटसुलट घालून दारात तयार उभी होती. नातीवर राग काढण्याइतक्या काकू वाईट नव्हत्या. त्या गाडीत जाऊन अगदी मागच्या बाकावर बसल्या, म्हणजे कुणाचं तोंड बघायला नको. भिंगरी नेहमीप्रमाणे पुढे, आजोबांच्या शेजारी.

गाडी निघाली. पुढे दोघांची बडबड चालू होती.

"लाल!" भिंगरी म्हणाली.

"शाब्बास."

"हिरवा! चला! सायकलवाला, डावीकडे!"

"एक गुण."

काकू खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात दात ओठ खात होत्या. त्यांना वाटलं, बघा, पोरीलाही सगळ्यात गुण मोजायची सवय लावून ठेवलीय.

गाव संपलं, शेतांच्या कडेने रस्ता लागला तशी काकांनी गाडी झाडाखाली लावली. ऊन कोवळं होतं. बांधांवर पिवळं, पांढरं, जांभळट असं बरंच काही उगवलेलं होतं. काका गाडीला पाठ टेकून उभे राहिले आणि त्यांनी लगेच सुरुवात केली.

"मास्तरीण! कुंपणाच्या तिसऱ्या खांबाखाली!"

"थांबा," काकू म्हणाल्या. "आज बोट लावणार मी."

"अगं, कशाला? मी कधी खोटं बोललोय का?"

"आज सकाळपासून माझा तुमच्यावर काडीचा विश्वास नाही."

त्या तरातरा कुंपणापर्यंत गेल्या. तिसऱ्या खांबाखाली मास्तरीण उभी होती, कॉलर वगैरे घालून. काकूंनी बोट लावलं आणि त्यांना अजूनच राग आला. पुढे काकांनी ओढ्याच्या उताराला सवती सांगितल्या. त्याही होत्या. विहिरीच्या कठड्यापाशी झोपाळू सांगितला, तोही जागा होता. भिंगरीने दोन ओळखली, काकूंनी एक. काकूंची हरण्याची लक्षणं दिसायला लागली, आणि रागावलेलं असताना हरणं ही फार वाईट गोष्ट असते.

मग मोरी आली. ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जातं ती जुनी दगडी मोरी.

"शाईथेंब!" काका एकदम उत्साहाने म्हणाले. "मोरीच्या उजव्या अंगाला, मोठ्या दगडाखाली. दोन गुण! बघ, मी म्हटलं नव्हतं, यंदा येणार म्हणून?"

काकू खाली उतरल्या. मोठा दगड तिथे नव्हताच. पाइप टाकण्यासाठी तो सगळा काठ यंदा खणलेला होता. उघडी लाल माती, तिच्यात मशीनच्या दातांचे ओरखडे, एक पान नाही की काडी नाही. फक्त मधोमध पडलेलं निळं झाकण, पाण्याच्या बाटलीचं.

आधी त्यांना हसू फुटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. आता सापडला बच्चमजी. झाकण बोटांत धरून त्या वर आल्या आणि काकांच्या समोर, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. झाकण नाकासमोर धरून म्हणाल्या, "हे काय आहे?"

काकांनी मान जराशी वळवली आणि तिरकं बघितलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"तोडलंस?" ते म्हणाले. "अगं, तोडलंस तू? तोडायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

काकूंचा झाकण धरलेला हात हळूहळू खाली आला.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, अगदी सहज, रोजचं काम असल्यासारखी, "ते झाकण आहे. बाटलीचं."

"हो, हो, माहितेय मला. आजीची गंमत करत होतो." काका मोठ्याने हसले. "चष्मा गाडीत राहिला वाटतं. चला, ऊन वाढलं."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

गाडी परत निघाली. काकू या वेळी मागे बसल्या नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, आरशात त्यांना काकांचे डोळे दिसतील अशा बसल्या. वाफ्यातलं गवत. सुईचा दोरा. एक एक गोष्ट आठवत होती आणि प्रत्येकीवर त्यांनी तेव्हा भांडण केलं होतं. पुढे भिंगरीचा खेळ पुन्हा चालू झाला होता.

"ट्रॅक्टर येतोय समोरून. गेला. वळण, उजवीकडे. म्हातारी आहे कडेला, कडेला आहे. आता रस्ता रिकामा. लाल!"

"लाल," काका म्हणाले, आणि गाडी थांबली.

"हिरवा! चला. थांबा थांबा, आजोबा, माणूस! माणूस!"

काकांनी करकचून ब्रेक दाबला. काकू काकांच्या सीटच्या पाठीवर आदळल्या. गाडीच्या पुढून एक माणूस डोक्यावरची पाटी सावरत, शिव्या देत पलीकडे गेला. भरदिवसा, ऊन पडलेलं असताना, लाल पाटी घेतलेला माणूस.

"दोन गुण!" भिंगरी म्हणाली. "माणसाला दोन असतात ना?"

काकांनी गाडी पुन्हा पुढे काढली.

"गाडी कडेला घे," काकू म्हणाल्या.

"अगं, घर आलंच..."

"अरे, कडेला घे म्हणते ना!"

संसार सुरू झाल्यापासून त्या नवऱ्याला अहो म्हणत आल्या होत्या. कितीही भांडल्या तरी अहोच. भिंगरीनेही मान वळवून बघितलं. काकांनी गाडी हळूच, चाचपडत, कडेच्या गवतात घेतली. काकू पुढे वाकल्या, किल्ली फिरवली, उपटून काढली आणि कमरेला खोचली. मग खाली उतरून ड्रायव्हरचं दार उघडलं.

"उतर."

काका उतरले.

"माझ्याकडे बघून बोल. काय दिसतं तुला?"

"दिसतं की."

"माझ्याकडे बघ म्हटलं!"

त्यांनी बघितलं. म्हणजे तोंड काकूंकडे केलं, पण नजर कानाच्या बाजूने पलीकडे कुठेतरी गेली. "कडेचं दिसतं," ते म्हणाले. "मधलं नाही दिसत. मधोमध डाग आहे. तुला बघायचं तर तुझ्या शेजारी बघावं लागतं."

"कधीपासून?"

"हिवाळ्यात वाढलं. डॉक्टर म्हणाले, मागे फिरणार नाही."

"डॉक्टरकडे जाऊन आलास? आणि मला सांगितलं नाहीस?" काकूंचा आवाज चिरकला. "आणि शाळेची तपासणी? दरवर्षी होते ना डोळ्यांची?"

काकांनी खाली मान घातली. "तक्ता तोच असतो दरवर्षी. पाठ आहे."

हे मात्र काकूंना पटकन समजलं. याचं पाठांतर असंच होतं. कुठल्या बांधावर कुठलं फूल येतं हे जसं पाठ, तसा डोळ्यांचा तक्ता पाठ. सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायची, स्वतःच्या डोळ्यांत काही दिसत नसताना.

"सुट्टी लागेपर्यंतच," काका घाईघाईने म्हणाले. "मग मी आपणहून सोडणार होतो. देवाशपथ. सुट्टी लागली की किल्ली देऊन टाकणार होतो. आणि काही होत नाही गं, रस्ता मला पाठ आहे. प्रत्येक खड्डा पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावर कोण येणार ते पाठ आहे का? तो पाटीवाला पाठ होता? गाडी भरून पोरं असतात रे मागे! लोकांची पोरं! आणि ही?" त्यांनी गाडीच्या खिडकीकडे बोट केलं. "सात वर्षांची पोर तुझे डोळे झाली होती? तिला खेळ म्हणून सांगितलंस?"

"तिला आवडायचं," काका पुटपुटले.

काकूंनी त्यांना मारलं नाही, एवढंच. मारावंसं फार वाटलं. स्वतःचाही राग येत होता, की शेजारी झोपणाऱ्या माणसाला आपण दिसत नाही हे आपल्याला कळलं नाही. पण तो राग त्यांनी नंतरसाठी ठेवला. आधी हा.

त्यांनी तिथूनच शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी बोलू या का शांतपणे?"

"उद्या बोलायला गाडी येणारच नाही," काकू म्हणाल्या, "आणि मी शांत नाहीये." त्यांनी फोन ठेवला.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "चल. चालत. ज्या ज्या दारातून पोरं उचलतोस, त्या प्रत्येक दारात जाऊन तू सांगायचं. तुझ्या तोंडाने."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! त्यासाठीच जायचंय."

तिघं निघाली. गाडी तिथेच गवतात उभी. भिंगरीने सवयीने आजोबांचं बोट धरलं आणि म्हणाली, "आजोबा, पुढे खड्डा."

"गप्प!" काकू तिच्यावर खेकसल्या. "एक शब्द बोलायचा नाहीस तू!"

भिंगरीचे डोळे भरले. तिने बोट सोडलं आणि तोंड मिटून घेतलं. काकूंना लगेच वाईट वाटलं, पण ते मागे घ्यायला त्यांना वेळ नव्हता.

पहिलं दार औषधवाल्याचं, दुकानाच्या मागेच घर. दारात कुणीतरी बुटकं उभं होतं. "काय पैलवान," काका म्हणाले, "गृहपाठ झाला का?" ती औषधवाल्याची आई होती, पाठीत वाकलेली. तिने काकांकडे बघितलं, मग काकूंकडे. कुणी हसलं नाही.

औषधवाला बाहेर आला. काकांनी घसा खाकरला. "ते जरा चष्म्याचा नंबर वाढलाय माझा. म्हटलं, सांगावं."

"अहो मग बदलून घ्या की! त्यात काय?"

"नंबर नाही," काकू म्हणाल्या. "याला दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही. तुमच्या आईला हा तुमचा मुलगा समजला. उद्यापासून हा गाडी चालवणार नाही, आणि हिवाळ्यापासून चालवायला नको होती."

औषधवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आत जाऊन मुलाला हाक मारली, त्याला जवळ ओढून उभं केलं, आणि मग दार लावून घेतलं.

दुसऱ्या दारात जुळ्यांची आई होती. काकांनी तिथेही तेच नंबराचं सुरू केलं आणि काकूंनी ते तिथेच खोडून काढलं. ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "अगंबाई. पण मग उद्या गाडी कोण आणणार?"

"कुणी नाही."

"अहो काकू, परीक्षा चालू आहेत. मला कामावर वेळेवर पोहोचायचं असतं. एवढा आठवडा चालवून घ्या ना. इतके दिवस काही झालं नाही ना? मग एका आठवड्यात काय होतंय?"

काका आशेने काकूंच्या दिशेने वळले. काकूंच्या दिशेने म्हणजे दाराच्या चौकटीच्या दिशेने. ते बघून काकूंचा उरलासुरला धीर सुटला.

"बाई, तुम्हाला पोरं नकोशी झालीत का?" त्या म्हणाल्या. "तसं असेल तर तसं सांगा, मी घेऊन जाते. या माणसाला लाल पाटी घेतलेला माणूस दिसला नाही आज, भर उन्हात. आणि तुम्ही मला आठवडा मागता? आठवडा काय भाजी आहे, घ्या थोडी अजून म्हणायला?"

"ओरडू नका माझ्यावर. चूक तुमच्या माणसाची आहे."

"तेच तर सांगत फिरतेय!"

पुढच्या दारांत काय काय झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. एक बाप पोलिसांत जाईन म्हणाला, काकू म्हणाल्या, "अवश्य जा, मी पत्ता देते." एका आजोबांनी काकांना पाणी दिलं. आणखी दोघांनी तेच विचारलं, उद्या गाडी कोण आणणार. प्रत्येक दारात काका थोडं कमी करून सांगायचे. नजर जरा मंद झालीय. संध्याकाळी त्रास होतो. वय झालं. आणि प्रत्येक दारात काकू ते पुरं करायच्या. त्यांचा घसा बसला तरी त्या थांबल्या नाहीत. भिंगरी चार पावलं मागून येत होती, तोंडाला कुलूप लावून.

शेवटचं दार लेकीचं. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. तिघांचे चेहरे बघून ती तशीच ओल्या पायांनी उभी राहिली.

"काय झालं? आई? बाबा?"

काकूंनी तोंड उघडलं. काका काय गुळमुळीत बोलणार आणि आपण ते कसं खोडणार, हे त्यांचं आता पाठ झालं होतं. पण काका या वेळी घसा न खाकरताच बोलले.

"मला दिसत नाही. आत्ता तू रडतेस की हसतेस ते मला कळत नाहीये. तरी मी हिवाळाभर गाडी चालवली. भिंगरीला शेजारी बसवून चालवली. ती सांगायची, लाल, हिरवा, माणूस. तिच्या डोळ्यांनी चालवली मी."

लेक उभीच राहिली. बादलीतलं पाणी हलत होतं. "बाबा," ती म्हणाली, आणि मग नर्स जशी विचारेल तसं, सरळ, कोरड्या आवाजात तिने विचारलं, "कधी काही झालं?"

"नाही," काका म्हणाले.

"झालं," भिंगरी म्हणाली.

आजीने गप्प केल्यापासून पहिल्यांदा ती बोलली होती. सगळे तिच्याकडे वळले. ती आजीकडे बघत होती, बोलू का म्हणून विचारल्यासारखी.

"बोल," काकू म्हणाल्या.

"मला एकदा झोप लागली. येताना. मग धप्प झालं. आजोबा म्हणाले, खड्डा होता. पण मी मागच्या काचेतून बघितलं, तो कुत्रा होता. हलत होता." ती आईकडे वळली. "माझी चूक झाली. मी झोपले म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही. नंतर मी कधीच नाही झोपले, आई, खरंच."

लेकीच्या तोंडून एक आवाज आला, शब्द नव्हे. ती धावली आणि दोन्ही मुठींनी बापाच्या छातीवर मारायला लागली. काका मार खात उभे राहिले, हातही वर न करता. काकूंनी तिला अडवलं नाही. ती थकून आपणहून भिंतीला टेकली, तेव्हा काकूंनी नवऱ्याचा दंड धरला, दुखेल इतका घट्ट, आणि त्याला भिंगरीच्या पुढ्यात आणून उभं केलं.

"सगळ्या गावाला सांगून झालं," त्या म्हणाल्या. "आता हिला सांग. कुणाची चूक ते सांग. आणि नंबर वाढला वगैरे म्हणालास तर याद राख."

काका खाली बसले. त्यांनी हात पुढे केला, तो भिंगरीच्या खांद्यावरून हुकला, मग सापडला.

"कुत्रा होता तो," ते म्हणाले. "मला कळलं होतं. धप्प झालं तेव्हाच कळलं होतं. तू झोपलीस ही तुझी चूक नाही. तुझ्या वयाच्या मुलांनी गाडीत झोपायचंच असतं. चूक माझी, बाळा. सगळी माझी. आणि मी खोटं बोललो तुझ्याशी."

भिंगरीने मान हलवली. नाक ओढलं आणि पुन्हा एकदा मान हलवली, जोरात, कळलं म्हणून.

काका तसेच बसून होते, तिच्या कानाच्या पलीकडे बघत, उत्तराची वाट बघत.

"ऐकलंस का गं?" त्यांनी विचारलं. "भिंगरी? ऐकलंस ना?"

"ऐकलंय तिने!" काकू बसलेल्या घशाने ओरडल्या. "मान हलवतेय ती!"